तळहाताएवढं पिस्तूल आणि भोजराजाची कसोटी

घरातला जुना अडकित्ता आठवा. मुठीत मावणारा, पितळी दांड्यांवर मोर किंवा वेल कोरलेला, उघडताना आणि मिटताना आपला असा एक आवाज करणारा. आता जवळपास तेवढीच, पण त्याहून जड अशी दुसरी एक वस्तू डोळ्यांपुढे आणा. अक्रोडाच्या लाकडाची खाली वळलेली मूठ. मुठीच्या टोकाला चांदीचा बारकासा मुखवटा. दोन इंचांची गोल लोखंडी नळी. नळी आणि मूठ यांच्या मधल्या चपट्या पेटीवर, दोन्ही अंगांना, कोरून काढलेले झेंडे, भाले, नगारे आणि त्यांच्याभोवती वळसे घेणारी पानं. एका बाजूला कारागिराचं नाव, दुसऱ्या बाजूला गावाचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात घडणारं खिशातलं पिस्तूल साधारण असं असे. एवढ्याशा जागेत लोहार, सुतार, सोनार, घड्याळजी आणि चितारी असे पाच जण दाटीवाटीने बसलेले असतात, आणि पाचांपैकी एकाचाही हात चुकलेला चालत नाही.

अशी वस्तू पारखायची कशी? संग्राहकांची जाडजूड पुस्तकं आहेत, लिलावांच्या याद्या आहेत. पण हा प्रश्न पडला की माझं मन आधी माळव्यात, धारला जातं. परमारांची ही धारा नगरी. तलवारीच्या पात्यांचं गाव, असा तिच्या नावाचा अर्थ लावतात. इथे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा भोज राज्य करत होता. त्याच्या नावावर ‘युक्तिकल्पतरु’ नावाचा ग्रंथ आहे. नौका कशी बांधावी, रत्न कसं पारखावं, घोडा कसा निवडावा, आसन आणि छत्र कसं असावं, अशा व्यवहाराच्या शेकडो गोष्टी त्यात आहेत, आणि त्यांतच खड्गपरीक्षेचं प्रकरण आहे. तलवार हाती आली की आठ गोष्टी पाहायच्या: अंग, रूप, जाति, नेत्र, अरिष्ट, भूमि, ध्वनि आणि मान. अंग म्हणजे पात्याच्या अंगावर उमटलेली नक्षी. रूप म्हणजे रंग. जाति म्हणजे कुळी. नेत्र म्हणजे शुभ खुणा, अरिष्ट म्हणजे अशुभ. भूमि म्हणजे लोखंड कुठलं. ध्वनि म्हणजे टिचकी मारल्यावर येणारा आवाज. मान म्हणजे माप आणि वजन.

हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. बंदुकीची दारू भारतात यायच्या कितीतरी आधी लिहिलेली ही यादी त्या विलायती पिस्तुलाला जशीच्या तशी लागू पडते. शब्दांचा अर्थ थोडा ताणावा लागतो, तेवढी मोकळीक घेऊन मी ती इथे वापरतो. क्रम मात्र माझा.

मानापासून सुरुवात करू, कारण मापाच्या बाबतीत धारमध्येच दुसरं टोक पडलेलं आहे. लाट मशिदीच्या आवारात लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. तिन्ही जोडले तर उंची सुमारे १३ मीटर भरते आणि वजन सुमारे ७ टन. तापवून, ठोकून, तुकड्याला तुकडा सांधून केलेला हा स्तंभ त्या पद्धतीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी मानला जातो. स्थानिक लोक त्याला तेलिणीच्या तराजूची दांडी म्हणतात; ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ या आपल्या म्हणीतली ती तेलीमंडळी धारच्या लोककथेत अशी लोखंडाला चिकटून आहेत. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाचा तर्क वेगळा होता. तेराव्या शतकाच्या आरंभी परमार राजा अर्जुनवर्म्याने गुजरातच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा रणात पडलेल्या शस्त्रांचं लोखंड वापरून हा विजयस्तंभ घडवला असावा, असं त्याला वाटलं. तर्क खरा असेल तर हजारो तलवारी आणि भाले त्या एका दांड्यात निजलेले आहेत.

दुर्मीळ वस्तू आपल्या दिवाणखान्यात असावी, ही संग्राहकाची ओढ या सात टनी लोखंडालाही चुकली नाही. गुजरातच्या बहादूरशहाने तो हलवायचा प्रयत्न केला आणि त्यात तो मोडला, असं जहांगीर आपल्या आठवणींत नोंदवतो. मग जहांगिरालाही मोह झाला. मोठा तुकडा आग्र्याला न्यावा, अकबराच्या कबरीच्या आवारात उभा करावा आणि त्याच्या माथ्यावर दिवा लावावा, असं त्याने फर्मावलं. स्तंभ आजही धारलाच आहे. त्याच्यावर अकबराच्या १५९८ सालच्या मुक्कामाचा लेख मात्र कोरलेला आहे. जे उचलून नेता येत नाही, त्यावर निदान नाव कोरून जावं, एवढं तरी राजेलोक करतात.

सात टन आणि पाव किलो. आता जातीकडे वळू, म्हणजे हे पाव किलोचं यंत्र चालतं कसं ते पाहू.

आपल्याकडे आधी आली ती तोडेदार बंदूक. सोऱ्यात भिजवलेली दोरी, म्हणजे तोडा, धुमसत ठेवायचा आणि चाप ओढला की तो रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, टेकायचा. खिशात ठेवायच्या शस्त्राला हे कसं चालणार? जळती दोरी खिशात कोण बाळगील! म्हणून खिशातल्या पिस्तुलाचा खरा जन्म चकमकीच्या यंत्राबरोबर झाला. घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आवळलेला असतो. चाप दाबला की घोडा झेप घेतो, दगड समोरच्या पोलादी पट्टीवर घासत जातो, पट्टी पुढे उलटते, तिच्याखालची रंजकाची वाटी उघडी पडते आणि ठिणग्या नेमक्या त्या वाटीत पडतात. रंजक भुर्रकन पेटतं, एका बारीक भोकातून आग आतल्या दारूला लागते आणि बार होतो. त्या भोकाला तोफेच्या बाबतीत आपण कान म्हणतो. शत्रूच्या तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या मुक्या करत, ते हेच.

यातली ठिणगी कुणाची? आपण सहज म्हणू की दगडाची. ती पोलादाची असते. दगड पोलादापेक्षा कठीण, म्हणून तो पट्टीचे डोळ्याला न दिसणारे कण खरवडून काढतो. ते कण खरवडले जातानाच इतके तापतात की हवेत येताच पेट घेतात. जळतं ते लोखंड. आजीच्या देव्हाऱ्याजवळची चकमकसुद्धा हेच करत होती. दोन सैन्यांची किरकोळ गाठ पडली की ‘चकमक झडली’ म्हणायची आपली रीत आहे. त्या शब्दात केवढं अचूक निरीक्षण साठलेलं आहे, हे मला पिस्तुलाचं यंत्र समजल्यावर कळलं.

लष्करी पिस्तुलाचा घोडा यंत्राच्या उजव्या अंगाला बाहेर आलेला असतो. तो खिशाच्या अस्तरात अडकणार. म्हणून खिशातल्या पिस्तुलात सगळं यंत्र एका पेटीत घातलं आणि घोडा बरोबर मध्यावर, नळीच्या रेषेत आणला. चापही बाहेर राहू दिला नाही. घोडा मागे ओढला की पेटीच्या पोटातून चाप टप्‌कन खाली येतो. एरवी तो आत दडलेला. सरकत्या खिट्टीने घोडा आणि पोलादी पट्टी दोन्ही जखडून ठेवायची सोय असे.

सगळ्यांत सुंदर युक्ती नळीची. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू घालायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. या पिस्तुलाची नळी मात्र डब्याच्या झाकणासारखी फिरवून काढता येते. तोंडाशी चांदणीच्या आकाराच्या खाचा असतात, त्यांत किल्ली घालून नळी सोडवायची. मागच्या कोठीत दारू, तिच्या वरच्या पेल्यासारख्या खळग्यात शिशाची गोळी, आणि नळी पुन्हा आवळायची. ही गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते. बार झाला की मऊ शिसं दबून नळीत घुसतं, कडेने वायू निसटायला जागाच राहत नाही, आणि एवढीशी दारूही पुरेपूर कामी येते. शिवाय गोळी बसलेली घट्ट, त्यामुळे खिशात उलटंसुलटं झालं तरी ती घरंगळून बाहेर पडत नाही. काही पिस्तुलांना दोन नळ्या आणि एकच घोडा असे. पहिला बार झाला की बाजूची छोटी तोटी नळाच्या तोटीसारखी फिरवायची, दुसऱ्या नळीचं रंजक पुढे येई. इतक्या कमी जागेत इतका विचार! मला याच्यापुढे घड्याळंही ढिसाळ वाटतात.

खिशातल्या पिस्तुलाला आधी खिसा लागतो, हीदेखील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशाच्या लांब कोटाला खोल खिसे होते आणि लंडनबाहेरच्या रस्त्यांवर घोडागाड्या लुटणारे दरोडेखोर होते. पिस्तूल त्या दोन गोष्टींच्या मापाने बेतलेलं आहे. आपल्याकडच्या सरदाराच्या अंगरख्याला असा खिसा नव्हता. त्याचं शस्त्र कमरेच्या शेल्यात. म्हणून हिंदुस्थानात शेल्यात खोवायची कट्यार आणि तमंचा शोभला, आणि हे बारकं विलायती पिस्तूल पेटीत जपून ठेवायची अपूर्वाईची चीज ठरलं.

ते इथवर आलं कसं, हा भूमीचा प्रश्न. धार आणि देवास ही मराठ्यांची माळव्यातली घरं. उदाजी आणि आनंदराव पवारांनी धारची गादी उभी केली. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी देवासची. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे राघोबादादांच्या धावपळीत आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि जानेवारी १७७५ मध्ये तिथे दुसरे बाजीराव जन्मले. म्हणजे ज्या वर्षांत इंग्लंडात ही फिरकीच्या नळीची पिस्तुलं ऐन भरात होती, नेमकी तीच वर्षं या गावांच्या धामधुमीची. डिसेंबर १८१८ मध्ये देवासने आणि जानेवारी १८१९ मध्ये धारने इंग्रजांशी तह केले. त्यानंतर रेसिडेंट, पोलिटिकल एजंट, दरबार आणि नजराणे यांचा काळ आला. घड्याळ, दुर्बीण आणि कोरीव पिस्तूल या तीन वस्तू त्या काळातल्या साहेबी भेटींत शोभून दिसत.

सगळंच विलायतेहून येत होतं असं मात्र समजू नये. क्लॉद मार्तँ हा फ्रेंच माणूस १७७६ पासून लखनौला अवधच्या नवाबाच्या शस्त्रागारावर होता. त्याच्या देखरेखीखाली हिंदुस्थानी कारागिरांनी घडवलेली, लखनौचं नाव कोरलेली पिस्तुलं युरोपीय कामाच्या तोडीची आहेत. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा आणि बंदुका ओतून-घडवून देत होता. श्रीरंगपट्टणात टिपूचे कारागीर चकमकीच्या घोड्यालाच वाघाचं रूप देत, आणि नळीवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी उतरवत. मला विचाराल तर कोरीव कामाच्या कल्पकतेत टिपूच्या पिस्तुलांपुढे लंडनची फिकी पडतात.

चकमकीच्या यंत्राचा एक शत्रू होता, पाऊस. वाटीतलं चिमूटभर रंजक ओलं झालं की सगळी कारागिरी व्यर्थ. माळव्यातल्या किंवा देशावरच्या पावसाळ्यात दारू कोरडी ठेवणं हे केवढं काम असेल! मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करत. नद्या उतरलेल्या, रस्ते वाळलेले आणि दारूही कोरडी. खंडेनवमीला शस्त्रं बाहेर काढून पुजायची, त्यात ओलाव्याने कुठे काय बिघडलं ते पाहण्याचा व्यवहारही होता, असं मला वाटतं.

या अडचणीवर उपाय सापडला तो एका स्कॉटिश पाद्र्याला. अलेक्झांडर फोर्सिथ हा अॅबरडीनजवळच्या बेलहेल्वी गावचा धर्मोपदेशक आणि शिकारीचा शौकीन. वाटीतल्या रंजकाचा भपकारा दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जात, आणि तो हिरमुसला होई. पाऱ्यापासून केलेला एक पदार्थ नुसत्या ठोक्याने पेटतो, हे एडवर्ड हॉवर्डने १८०० साली दाखवून दिलं होतं. तसल्या पदार्थांवर खटपट करून फोर्सिथने १८०७ मध्ये नव्या यंत्राचं पेटंट घेतलं. ठिणगी नको, वाटी नको, फक्त घोड्याचा ठोका. दहा-पंधरा वर्षांत तो पदार्थ तांब्याच्या चिमुकल्या टोपीत बसला आणि आपल्याकडे ‘टोपीची बंदूक’ हा शब्द रूढ झाला. खिशातल्या पिस्तुलाला हे वरदानच होतं: बाहेर डोकावणारी पट्टी गेली, आकार आणखी आटोपशीर झाला. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने असली टोपीची छोटी पिस्तुलं केली. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात अब्राहम लिंकनवर झाडली गेली ती गोळी अशाच एका एकबारी डेरिंजरमधून सुटली. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ती वस्तू आज त्याच थिएटरच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. तिच्यावरही नाजूक कोरीव वेल आहे. मी तिचं छायाचित्र फार वेळ पाहू शकत नाही.

आता अंग आणि रूप, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

कोरणारा माणूस पिस्तुलावर काम करतो तेव्हा लोखंड मऊ असतं. हातात लाकडी मुठीची, टोकाला तिरकी धार दिलेली पोलादी कोरणी. ती तळहाताने ढकलायची आणि दुसऱ्या हाताने काम तिच्याकडे फिरवायचं. रेघ जाडबारीक होते ती कोरणीच्या कलण्याने. एकदा गेलेली रेघ पुसता येत नाही. कोरून झालं की ते तुकडे हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून, पेटी बंद करून, लाल होईपर्यंत तापवत आणि मग पाण्यात विझवत. कोळशातला कार्बन लोखंडाच्या वरच्या पापुद्र्यात शिरतो आणि ती कातडी पोलादासारखी कठीण होते; आतला गाभा मऊच राहतो, म्हणून तुकडा तडकत नाही. विझवताना पृष्ठभागावर निळे, करडे, तपकिरी ढग उमटतात. आधी कोरायचं आणि मग कठीण करायचं, हा क्रम ध्यानात ठेवा. याच क्रमाने आपण शेवटी देवासला पोचणार आहोत.

हिंदुस्थानी रीत वेगळी, कोफ्तगरीची. लोखंडाच्या पृष्ठभागावर धारदार सुरीने उभ्याआडव्या बारीक रेघांचं जाळं पाडायचं, इतकं बारीक की बोटाला नुसतं खरखरीत लागावं. त्यावर सोन्याची तार नक्षीप्रमाणे मांडत जायची आणि हलक्या हातोडीने ठोकायची. लाखो दातांत सोनं अडकून बसतं. मग गुळगुळीत अकीकाने घोटायचं. काळसर लोखंडावर पिवळी वेल उगवते. परदेशी पातं किंवा नळी घ्यायची आणि तिला इथली मूठ, इथलं सोनं, इथली अक्षरं द्यायची, हा आपल्याकडचा फार जुना शिरस्ता. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावातून महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. तिचं पातं युरोपीय, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. ती अक्षरं नसती तर ती तलवार लिलावाच्या यादीतली आणखी एक फिरंग राहिली असती. एका ओळीच्या कोरीव लेखाने तिला घर दिलं.

धातूवर आणि दगडावर कोरलेलं टिकतं, हे धारइतकं कुणाला ठाऊक असणार? इंदूरहून धारला जाताना वाटेत बेटमा लागतं. तिथे भोजाचा १०२० सालचा ताम्रपट सापडला. त्यावर परमारांचा गरुड कोरलेला आहे, आणि दान दिलं त्याचं निमित्त आहे कोकणविजयाचा उत्सव! आपल्या कोकणचा उल्लेख माळव्याच्या तांब्यावर हजार वर्षं बसून आहे. १९०३ साली धार संस्थानातले शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना भोजशाला-कमाल मौला वास्तूत एक काळी शिळा मिळाली. तिच्यावर मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका कोरलेली होती, चारपैकी दोन अंक. विषय त्याच अर्जुनवर्म्याचा गुजरातवरचा विजय, ज्याच्या शस्त्रांचा लोहस्तंभ झाला असं कझिन्सला वाटलं. एखादं नाटक तालमीच्या वहीऐवजी शिळेवर कोरणारं हे गाव. लेल्यांनी ती अक्षरं पहिल्यांदा ओळखली असतील, त्या क्षणाचा मला हेवा वाटतो.

नेत्र आणि अरिष्ट एकत्रच पाहावी लागतात. पिस्तुलाचे डोळे म्हणजे नळीवरचे किंवा पेटीखालचे बारीक ठसे. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळीला १६३७ साली सनद मिळाली. ते नवी नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहत. टिकली तर मुकुटाखाली अक्षरं असलेला ठसा मारत. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने असंच परीक्षागृह मिळालं. बेल्जियममधल्या लीजचा ठसा लंबगोलात असतो. मुठीवरच्या चांदीवर सोनारांचे ठसे असतील तर आणखी बहार: इंग्लंडात चांदीच्या ठशातलं एक अक्षर दर वर्षी बदलतं, त्यावरून वस्तूचं नेमकं साल निघतं. नाडीपरीक्षेसारखंच हे. भिंगाखाली तीन-चार ठसे, आणि अडीचशे वर्षांपूर्वीची कार्यशाळा समोर उभी राहते.

अरिष्ट कोणतं? पहिलं, खोटं गाव. लंडनचं नाव खपतं म्हणून लीजला घडलेल्या पिस्तुलांवर सर्रास लंडन कोरत. वरचं अक्षर एक सांगतं, खालचा ठसा दुसरंच. विश्वास ठशावर ठेवायचा. दुसरं, नंतर चढवलेली नक्षी. जुन्या, साध्या पिस्तुलावर आज वेलबुट्टी काढली तर तिच्या रेघांच्या कडा ताज्या दिसतात आणि नक्षी झिजलेल्या भागावरूनही तितक्याच खोलीने जाते. खरी नक्षी हाताळणीच्या जागी पुसट आणि कोपऱ्यांत स्पष्ट असते. तिसरं अरिष्ट आपल्याच घरात घडतं आणि त्याने माझा जीव खालीवर होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुनी शस्त्रं चिंच, राख किंवा बाजारातली पितांबरी लावून लख्ख घासतात. प्रेमापोटीच घासतात. पण दर घासणीला कोरीव रेघेचा थोडा काठ जातो, ते निळे-करडे ढग जातात, ठसे बुजतात. पन्नास दसऱ्यांनंतर चकचकीत, मुकी वस्तू उरते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि हळदकुंकू शेजारच्या तबकात वाहा. देवी रागावणार नाही.

आणि एक काळजी जिवाची. जुनी ठासणीची शस्त्रं कित्येकदा भरलेलीच राहून गेलेली असतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. म्हणून अशा वस्तूचा घोडा गंमत म्हणूनही ओढू नये. आधी जाणकाराला दाखवावी. आपला १९५९ चा शस्त्र कायदा, दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा कालबाह्य, पुराणवस्तूच्या मोलाच्या शस्त्राला सूट देतो. पण एखादं शस्त्र त्यात बसतं की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. मला हा कायदा मनापासून आवडतो.

राहिला ध्वनि. तलवारीवर टिचकी मारून आवाज ऐकायचा, असं ‘युक्तिकल्पतरु’ सांगतो. हंस, काशाचं भांडं, मेघ, ढक्का यांच्यासारखा नाद आला तर पातं उत्तम. कावळा, तार, गाढव, दगड यांच्यासारखा आला तर टाकाऊ. पिस्तुलाच्या यंत्राचा कानही असाच लावतात. उत्तम यंत्राचा घोडा जाणकार सावकाश मागे घेतो तेव्हा दोन आवाज येतात. पहिला अर्ध्यावर, सुरक्षित खाचेचा. दुसरा पूर्ण ताणाचा, थोडा खोल. दोन्ही वेगळे, स्वच्छ, काचेवर नख वाजवावं तसे. मध्ये खरखर नाही, डळमळ नाही. आतली कमान कशी पाणी दिलेली आहे, खाचा किती घासल्या आहेत, हे सगळं त्या दोन सुरांत कळतं.

देवासला या कथेचं शेवटचं टोक आहे. एकाच गावात दोन भावांची दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती, प्रत्येकीचा वेगळा दरबार आणि प्रत्येकीला १५ तोफांची सलामी. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने पुढे १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला देवासच्या टेकडीवरच्या देवीचंच नाव दिलं. संस्थानं विलीन झाली. १९७४ साली त्याच देवासला नोटांचा छापखाना उभा राहिला.

शस्त्राचा आणि नोटेचा संबंध काय? युरोपात पंधराव्या शतकात सोनारांच्या कोरणीतूनच तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापायची कला निघाली. ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉफर चिलखतांवर तेजाबाने नक्षी काढत असे. १५०० च्या सुमारास तीच युक्ती त्याने छपाईच्या पत्र्याला लावली आणि चित्रछपाईची एक अख्खी शाखा जन्मली. मग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या जेकब पर्किन्सने नोटांसाठी पोलादी पत्रे वापरात आणले. पोलाद आधी मऊ करायचं, त्यावर कोरायचं, आणि मग ते कठीण करायचं. पिस्तुलाच्या पेटीचाच क्रम! कोरलेल्या रेघेत शाई भरायची आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या रेघेत शिरवायचा. कागद बाहेर येतो तेव्हा शाई त्याच्यावर उभी राहिलेली असते. आज पत्रे संगणकाच्या मदतीने घडतात, पण रेघ तीच, खोल आणि जाडबारीक. देवासच्या छापखान्याला जोडून अशा शाईचा स्वतःचा कारखानाही आहे.

खिशातून पाचशेची एखादी नवी नोट काढा. ती नाशिक, देवास, म्हैसूर किंवा सालबोनी यांपैकी एका ठिकाणी छापलेली असेल. दोन्ही कडांवर पाच-पाच तिरक्या रेघा आहेत, डोळ्यांनी न पाहणाऱ्यांना नोट ओळखता यावी म्हणून. डोळे मिटून त्यांवरून बोट हलकेच न्या, मग अशोकस्तंभावरून, मग गांधीजींच्या चेहऱ्यावरून. नोट फार हाताळलेली नसेल तर बोट किंचित अडखळतं.